हुकमाने भाषा येत नाही

अभ्यासक्रमात सुधारणा करावयाची ठरली की भाषाशिक्षकाने ‘नवी भूमिका’ स्वीकारावी, असे त्यास हटकून बजावण्यात येते. शब्द गोंडस आहे. परंतु त्याच्या आड दोन अगदी निराळ्या मागण्या दडलेल्या असतात, आणि पहिलीच्या पुण्याईवर दुसरी खपविली जाते.

पहिली मागणी शिकविण्याच्या पद्धतीविषयी आहे व ती रास्त आहे. शिक्षकाने फळ्यावर अर्थ लिहावा, मुलांनी तो वहीत उतरवावा आणि परीक्षेत ओकावा, हा प्रकार थांबलाच पाहिजे. घोकंपट्टीपासून शिक्षणाची सुटका करा, असे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सांगितले, २०२० च्या धोरणानेही सांगितले. त्याला जो शिक्षक अडून बसतो, त्याची कड आम्ही घेत नाही.

दुसरी मागणी मात्र भाषाच बदलण्याची असते. केंद्रीय विद्यालयांत २०११ च्या करारान्वये जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकविली जाऊ लागली. आपणांपैकी पुष्कळांची मुले बदलीच्या गावी याच विद्यालयांत जातात, तेव्हा ही कथा आपणांस परकी नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात, म्हणजे वर्ष निम्मे सरल्यावर, तिसरी भाषा म्हणून जर्मन बंद करण्याचे ठरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. संस्कृत श्रेष्ठ की जर्मन उपयुक्त, यावर वाद रंगला. पण उद्याच्या तासाला शिक्षकाने वर्गात काय करावे, हा प्रश्न किती जणांना पडला?

महाराष्ट्रातही निराळे घडले नाही. १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी अनिवार्य केली. १७ जूनच्या निर्णयाने ती ‘सर्वसाधारणपणे’ शिकवावी असे म्हटले, आणि वीस विद्यार्थ्यांनी दुसरी भाषा मागितल्यास शिक्षक देऊ, नाहीतर ती ऑनलाइन शिकवू, असे आश्वासन दिले. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. हिंदी हवी की नको, हा वाद महत्त्वाचा खरा. तथापि जेथे एकच गुरुजी गणितापासून परिसर अभ्यासापर्यंत सारे शिकवितात, तेथे ही भाषा कोण शिकविणार होते? सहा-सात वर्षांच्या मुलाने परकी भाषा पडद्यासमोर बसून शिकावी, असे सुचविणाऱ्यास शिक्षकाचे कामच कळलेले नाही.

यावर उत्तर ठरलेले असते: प्रशिक्षण देऊ. २०२० च्या धोरणात प्रत्येक शिक्षकास वर्षाकाठी किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची संधी सांगितली आहे. पन्नास तासांत आपल्या विषयाला धार लावता येईल, पण नवी भाषा दुसऱ्यास शिकविण्याइतकी येणार नाही. चेन्नईस किंवा कोलकात्यास गेल्यावर भाजी घेण्यापुरती तिथली भाषा यावयास किती महिने लागले, हे वाचकांनी स्वतःस विचारून पाहावे. आणि त्या भाषेचे व्याकरण व गोडी मुलांना लावण्याचे काम आपणांवर सोपविले असते तर काय झाले असते, याचीही कल्पना करावी.

सरकारी नोकराची बदली होते तेव्हा त्यास रुजू होण्याची मुदत मिळते, प्रवासभत्ता मिळतो. हिशेबनिसास कोणी रातोरात अभियंता करीत नाही. एवढी साधी रीत भाषाशिक्षकाच्याच बाबतीत का सुटावी? याचे कारण एकच: ज्याला बोलता येते त्याला भाषा शिकविताही येते, हा आपला जुना गैरसमज. भाषा शिकविणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे, हे आपण मनापासून मान्यच केलेले नाही.

म्हणून क्रम उलटा केला पाहिजे. आधी शिक्षकांची मोजणी, मग नेमणुका व पुरेशा मुदतीचे शिक्षण, आणि हुकूम सर्वांत शेवटी. आपणांपैकी काहींच्या मेजावरून असे कागद पुढे सरकत असतील. ज्या कागदात नव्या भाषेचे नाव आहे पण ती शिकविणाऱ्यांच्या पदांची तरतूद नाही, त्यावर तेवढा एक शेरा मारून तो परत पाठवावा. भाषाभिमानाची दहा भाषणे देण्यापेक्षा त्या एका शेऱ्याने भाषेची अधिक सेवा होईल.