किस्से एकाचे, कष्ट दोघांचे

इंग्लंडचा फुटबॉल मॅनेजर ब्रायन क्लफ २००४ मध्ये गेला, पण त्याचे किस्से अजून फुगतायत. लाडका किस्सा १९७९चा. ट्रेव्हर फ्रान्सिसच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून क्लफनं त्याला ९,९९,९९९ पौंडांनाच घेतलं म्हणे! प्रत्यक्षात कर-शुल्क धरून आकडा दहा लाखांच्या वरच गेला.

किस्सा भारीच, पण खेळाडू हेरणारा त्याचा जोडीदार पीटर टेलर त्यात कुठंच नाही. १९८२ला टेलर बाजूला झाला, त्यानंतर क्लफला युरोपियन कप पुन्हा मिळाला नाही. १९८३ला एका खेळाडूच्या खरेदीवरून दोघांचं बोलणं तुटलं, ते १९९०ला टेलर गेला तरी जुळलं नाही.

गेलेल्या माणसाचे किस्से खुशाल रंगवा. फक्त त्याच्या शेजारी राबलेल्याला पुसू नका. आपल्याकडच्या ‘साहेबांच्या’ किश्श्यांनाही हेच लागू!