भर उन्हातला फोटो कोणाच्या जिवावर?

परीक्षा संपली की बेत ठरतो. पुण्याहून पहाटे निघायचं, सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटरवरचं भिगवण गाठायचं आणि कुंभारगावच्या काठावरून होडीत बसून रोहित पक्षी टिपायचे. प्रत्यक्षात कुणीतरी उशिरा उठतं, वाटेत मिसळ होते आणि होडीत पाय ठेवेपर्यंत साडेदहा वाजतात. ऊन डोक्यावर आलेलं, उजनीच्या फुगवट्याचं पाणी आरशासारखं चमकतंय. घरी येऊन फोटो उघडले, तर बगळ्याच्या जागी पांढरा डाग आणि रोहित पक्ष्यांच्या जागी गुलाबी धूर!

दोष कॅमेऱ्याचा नाही, मित्रांनो. गडद पाण्यावर बसलेला पांढरा पक्षी कॅमेऱ्याला फसवतो. फ्रेममध्ये काळोख जास्त दिसला की तो उजेड वाढवतो आणि पिसांचा तपशील कायमचा जातो. उपाय जुना आहे. फिल्मच्या काळातला ‘सनी सिक्स्टीन’ नियम सांगतो, की लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ-१६ ठेवलं तर शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका हवा. म्हणजे आयएसओ ४०० असेल तर सेकंदाचा ४०० वा भाग. हाच हिशेब एफ-८ ला १/१६०० होतो. पक्षी पांढराशुभ्र असेल तर आणखी एक स्टॉप कमी करा, १/३२०० वर जा. सूर्य पाठीशी ठेवा आणि स्क्रीनवर पांढरा भाग लुकलुकतोय का, ते पाहत राहा. एवढं केलंत तरी भर उन्हात पिसं दिसतील.

पण एक गोष्ट कुठल्याच सेटिंगनं सुटत नाही. ती म्हणजे झळ. तापलेल्या जमिनीवरची आणि पाण्यावरची हवा थरथरते, त्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो आणि लांबचा पक्षी धूसर दिसतो. कितीही महागडी लेन्स आणा, थरथर तेवढीच मोठी होऊन दिसते. मग तोंडातून आपसूक वाक्य निघतं, ‘दादा, अजून थोडं जवळ घ्या ना!’

खरा प्रश्न इथे सुरू होतो.

रोहित पक्ष्याचं दुसरं नाव अग्निपंख. पण तो अग्नी पंख उघडल्यावरच दिसतो. बसलेला थवा फिकट गुलाबी, उडालेला थवा लालभडक. त्यामुळे थवा उडावा असं प्रत्येकालाच वाटतं, आणि कुणीतरी टाळी वाजवतं, होडी थेट थव्यात घालायला लावतं. हे पक्षी जागेवरून उडत नाहीत, पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो. मान खाली घालून, चोच उलटी करून, चिखलातलं बारीकसारीक गाळून पोट भरणाऱ्या पक्ष्याला दिवसातून दहा होड्यांसाठी दहा वेळा धावावं लागलं, तर त्यानं खायचं कधी?

त्यात ही वेळ भर उन्हाची. पक्ष्यांना घाम येत नाही. पाणकावळा चोच उघडून गळा थरथरवत बसतो, ती त्याची अंग थंड करायची धडपड असते. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावावर चित्रबलाक घरटी करतात. दुपारी तिथे नीट पाहिलंत तर आई किंवा बाप उन्हाकडे पाठ करून, पंख अर्धे पसरून पिल्लांवर छत्री धरून उभा दिसेल. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि उघड्या जमिनीवरची अंडी थंड ठेवते. हे पक्षी आपल्याला घाबरून उठले की छत्री उठली. सकाळी आठला पाच मिनिटं दूर राहिले तर कदाचित निभावतं, दुपारी बारा वाजता तीच पाच मिनिटं अंड्याच्या किंवा पिल्लाच्या जिवावर बेततात. आपल्या फोटोत मात्र त्याचा मागमूसही नसतो. फोटो छान असतो. लाइक्सही मिळतात.

‘आम्ही काय शिकार करतोय का?’ असं कुणी म्हणेल. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचा. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं हे त्यात शिकारीच्या व्याख्येतच धरलंय. हातात बंदूक नाही, कॅमेरा आहे, एवढ्यानं सुटका होत नाही.

होडीवाल्या दादांवर ढकलून मोकळं होण्यातही अर्थ नाही. त्यातले अनेक जण मूळचे मासेमार. पक्षी कुठवर होडी सहन करतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पण दिवसाची कमाई आपल्या खुशीवर अवलंबून असते, म्हणून ते नाही म्हणत नाहीत. तेव्हा नाही आपणच म्हणायचं. होडीत बसतानाच सांगून टाका, ‘दादा, पक्षी उडवायचे नाहीत. लांबूनच बघू.’ बघा, त्यांचा चेहरा कसा खुलतो.

मग जायचंच नाही का? जरूर जा. उजाडायच्या आधी काठावर पोहोचा. ऊन कोवळं असतं, झळ नसते आणि थवा आपल्या मर्जीनं उडतो, तेव्हाचा अग्निपंख काही वेगळाच. उशीर झालाच, तर होडी थांबवून लांबची फ्रेम घ्या. पक्षी लहान दिसेल, पण सोबत पाणी, गाळ, पलीकडचा ऊस, सगळंच येईल. पक्ष्यानं मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, चरणं थांबवलं, की समजा, तुम्ही जास्तच जवळ आलात. होडी मागे घ्या. आणि टाळी वाजवून उडवलेल्या थव्याचं रील समोर आलं, तर त्याला लाइक देऊ नका. त्या थव्याला पुढच्या होडीसाठी कोण उडवणार, हे त्या लाइक्सवरच ठरतं.