फेल्टचे यंत्र घेण्याआधी कापड ओळखा

घरी शिलाई-भरतकाम करणाऱ्या भगिनी हल्ली आमच्याकडे येऊन विचारतात की, क्रिकटसारखे संगणकावरून चालणारे कटिंग मशीन घेतले तर फेल्ट कापून चार पैसे मिळतील काय? तोरणे, केसांच्या क्लिपा, शाळेच्या स्नेहसंमेलनाची सजावट यांना छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) गिऱ्हाईक आहे, तेव्हा प्रश्न रास्त आहे. आमचे मत असे की पैसे मिळतील, परंतु यंत्राआधी कापडाची पारख हवी.

आपले शहर हिमरूचे. कापड म्हटले की आपण उभा-आडवा धागा पाहतो. फेल्टला तो नसतो. लोकरीचे तंतू पाणी, साबण आणि दाबाने एकमेकांत गुंतवून ते बनते. उर्दूत यालाच नमदा म्हणतात. काश्मीरचे आणि राजस्थानातील टोंकचे नमदे प्रसिद्ध आहेत. विणच नसल्यामुळे कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत. मात्र बाजारातील स्वस्त फेल्ट बहुधा अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचे असते. साध्या यंत्राचे टोकदार पाते कापडातून ओढत जाते, त्यामुळे अशा सैल फेल्टचे तंतू ओढले जाऊन कड केसाळ होते. लोकरीचे घट्ट फेल्ट त्यामानाने स्वच्छ कापले जाते.

2017 साली आलेल्या क्रिकट मेकरला कापडासाठी गोल फिरते पाते आहे. ते फेल्ट चांगले कापते, पण पाऊण इंचाहून लहान नक्षीला ते चालत नाही. साधे यंत्र असेल तर फेल्टच्या मागे इस्त्रीने चिकटणारे फ्यूजिंग लावावे. पॉलिएस्टरवर इस्त्री मंद ठेवावी आणि मध्ये सुती कापड घ्यावे.

आता हिशेब. बारा इंची चटईवर साडेतीन इंचाची नऊ फुले बसतात. म्हणजे 100 फुलांसाठी चटई बारा वेळा भरावी लागेल. शिवाय फेल्टची लव चिकटून चटईची पकड कमी होते, पातेही बोथट होते. हा खर्च मालाच्या किमतीत धरला पाहिजे. एकाच आकाराचे हजारो नग हवे असतील तर डाय बनवून प्रेसवर थर कापून घेणेच परवडते. घरच्या यंत्राची खरी कमाई नावांची अक्षरे आणि दरवेळी बदलणारी नक्षी अशा लहान ऑर्डरीत आहे.

म्हणून भगिनींनी कर्ज काढून यंत्र आणण्याची घाई करू नये. आधी कात्रीने कापून माल विकून पाहावा, आणि ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्याकडे आपल्याच फेल्टचा तुकडा कापून पाहावा. व्यापारी बंधूंनाही आमची विनंती आहे : फेल्ट लोकरीचे की पॉलिएस्टरचे, हे गिऱ्हाईकाने विचारण्याआधी सांगा. आपल्या एका मोघम उत्तराने एखाद्या घराचे भांडवल अडकून पडू शकते.