कृष्णविवरांचा वेध आणि स्वावलंबन

हंस तारकासमूहातील ‘सिग्नस एक्स-१’मधील कृष्णविवर स्वतः अदृश्य आहे. परंतु जोडीदार ताऱ्याकडून खेचलेला वायू त्याच्याभोवती तप्त होऊन क्ष-किरण फेकतो, तर बाहेर उसळणारे झोत रेडिओलहरींतून प्रकटतात. एकाच तरंगलांबीत पाहणाऱ्याला अर्धेच सत्य गवसते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी झेपावलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ने भारतीय संशोधकांना अतिनील ते क्ष-किरणांपर्यंतची दृष्टी दिली. रेडिओलहरींसाठी नारायणगावजवळील खोडदची महादुर्बीण होतीच. पाच वर्षांसाठी योजलेल्या या उपग्रहाने त्याहून अधिक काळ सेवा बजावली. त्याचा समर्थ वारसदार वेळेत सिद्ध झाला नाही, तर परकीय वेधशाळांच्या दारी पुन्हा तिष्ठावे लागेल. आर्यभट-भास्कराचार्यांचा अभिमान केवळ स्मरणाने नव्हे, नव्या वेधांनीच सार्थ ठरेल.