मांजरेच्या उगमाचा हक्क

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका बालाघाटच्या माथ्यावर वसला आहे. येथला पाऊस दोन वाटांनी निघून जातो. विंचरणा सौताड्याच्या दरीत कोसळून सीना-भीमेकडे वळते, तर मांजरा याच तालुक्यात उगम पावून गोदावरीकडे धावते. दोन खोऱ्यांना पाणी पुरविणारा हा तालुका उन्हाळ्यात स्वतः मात्र टँकरची वाट पाहतो.

मांजरा केज तालुक्यात धनेगावला अडविली आहे. त्या जलाशयावर लातूर, अंबाजोगाई, कळंब आदी शहरे अवलंबून आहेत. शहरांनी तहानलेले राहावे असे कोणी म्हणणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये जलाशय आटला, तेव्हा मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. देशभर त्याची चर्चा झाली. परंतु धरण कोरडे पडले ते केवळ पाऊस रुसला म्हणून नव्हे. लाभक्षेत्रात ऊस वाढला, कारखाने वाढले, आणि पाण्याचा हिशेब उसाच्या सोयीने मांडला गेला.

ह्या उसाशी पाटोद्याचे नाते विलक्षण आहे. मुकादमाची उचल घेऊन येथील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता उचलतात, धरणाच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडतात आणि गावच्या विहिरी आटल्या असताना परततात. त्या पाण्याच्या वाटपात त्यांना आवाज नाही. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्था आल्या, पण सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकाला! पाणलोटातील भूमिहीन कोणाच्याच वहीत नाही.

याला पर्याय नाही असे मानण्याचे कारण नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावला पाणी पंचायत उभी केली. तेथे माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी ठरले, भूमिहीनालाही वाटा मिळाला, आणि ऊस वर्ज्य मानला गेला. हक्क जमिनीला नव्हे, माणसाला दिला गेला.

धरणांच्या काठी उद्याने आणि नौकाविहार उभारण्याच्या योजना निघत असतात. त्यांना आमचा सरसकट विरोध नाही. ऊसतोड्याच्या पोरालाही पाण्याकाठी खेळावेसे वाटते, हे आपल्यातील काही रुक्ष मंडळींनीही ध्यानात घ्यावे. मात्र अशी प्रत्येक योजना मंजूर करण्यापूर्वी उगमाकडील गावांच्या पिण्याच्या पाण्याची तजवीज व्हावी, आणि कालवा सल्लागार समितीत पाणलोटातील ग्रामसभांचे प्रतिनिधी बसावेत. पाटोद्यातील कार्यकर्त्यांनी हा ठराव, तोडीला गेलेली माणसे गावात असतानाच, ग्रामसभांपुढे ठेवावा.