वेळेवर सांगितलेले वाक्य

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण तक्रारपत्र लिहिण्यास शिकतो. तक्रारीला द्यावयाच्या उत्तराचा विचार मात्र क्वचितच करतो. वास्तविक विक्रेत्याच्या भाषेची कसोटी त्या उत्तरातच लागते.

गिटारचे उदाहरण घेऊ. जुळे सोलापुरातील एखादा तरुण साठवलेल्या पैशांतून गिटार घेतो आणि नोकरीनिमित्त रत्नागिरीस जातो. सोलापूरच्या कोरड्या हवेतले लाकूड कोकणातल्या पावसाळ्यात ओलावा शोषून फुगते. वाद्याची वरची फळी किंचित उचलली जाते, तारा आणि त्यांखालची पट्टी यांतील अंतर वाढते, तार दाबणे कठीण होते. तरुण तक्रार करतो. उत्तर मिळते, "तुम्ही ते नीट ठेवले नाही."

हे विधान कदाचित खरे असेल. तरीही ते अन्याय्य आहे. "पावसाळ्यात गिटार बंद पेटीत ठेवा, सोबत ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा; ४५ ते ५५ टक्के आर्द्रता वाद्याला मानवते," हे विक्रीच्या वेळी सांगितले तर ती काळजी असते. तेच तक्रारीनंतर प्रथम सांगितले, तर तो आरोप होतो. शब्द तेच राहतात, वेळ बदलते आणि अर्थही बदलतो.

उत्तर असेही देता येते : "दमट हवेने लाकूड फुगलेले दिसते. वाद्य घेऊन या, पाहू." येथे वाक्याचा कर्ता 'तुम्ही' नसून 'लाकूड' आहे. चर्चा माणसावरून कारणाकडे वळते. मात्र चूक दुकानाची असेल, तेव्हा 'चूक झाली' असे कर्ता लपवणारे वाक्य पुरेसे नाही. तेथे 'आम्ही चूक केली' असेच म्हटले पाहिजे. आपला दोष कर्त्यासह सांगावा, दुसऱ्याचा दोष कारणाच्या अंगाने मांडावा, असे माझे मत आहे.

ही रीत आपल्याला परकी नाही. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांसाठी लागणारे भोपळे आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूर परिसरात पिकतात. घोडीची जवारी वाजवून झिजते, म्हणून वादक वाद्य घेऊन पुन्हा कारागिराकडे जातो. विक्रीने तेथे नाते संपत नाही, आणि वाद्य परत आले म्हणून कोणी अपराधी ठरत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाला माहिती मिळण्याचा आणि आपले म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क देतो. पहिला हक्क विक्रीच्या वेळी पाळला, तर दुसरा मागण्याची वेळ बहुधा येत नाही. तुमच्यापैकी अनेक जण दुकानात किंवा कार्यालयात काम करून शिकत आहात. उद्या समोर तक्रार आली, की उत्तर देण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारा : हे मी त्यांना आधी सांगितले होते का?