काचेबाहेरचे मुखवटे

९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. त्या दिवशी गावोगावी तारपा वाजतो, भाषणे झडतात. त्या गलबल्यात दूरदेशीच्या काही मुखवट्यांची आठवण काढायला हवी.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे क्वाक्वाकावाक्व लोक सीडरच्या लाकडातून मुखवटे कोरतात. त्यातले काही दुहेरी असतात. नाचणारा दोरी ओढतो, पक्ष्याची चोच दुभंगते आणि आतून माणसाचा चेहरा बाहेर येतो. शेकोटीच्या उजेडात हे पाहणारे पाहुणे नुसते प्रेक्षक नसतात, साक्षीदार असतात. हा नाच, हे नाव या घराण्याचे, याची साक्ष त्यांनी द्यायची आणि त्याबद्दल यजमानाने त्यांना भेटी द्यायच्या. या सोहळ्याला पॉटलॅच म्हणतात.

देऊन टाकण्यात मोठेपणा मानणारी ही रीत कॅनडाच्या सरकारला रानटी वाटली. १८८५पासून तिच्यावर कायद्याने बंदी आली. तरी विली सीवीडसारख्या कारागिरांची छिन्नी थांबली नाही. १९२१च्या नाताळात व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच झाला आणि ४५ जणांवर खटले भरले गेले. गुन्हे कोणते? नाचणे, भाषण करणे, भेटी वाटणे! मुखवटे सरकारजमा करा, तुरुंग टळेल, असा सौदा पुढे आला. जमा झालेले मुखवटे चर्चच्या सभागृहात बाकांवर मांडून तिकीट लावून दाखवले गेले. मग ते संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे पांगले.

बंदीचे कलम १९५१मध्ये गेले. मुखवटे परत मिळवायला आणखी तीन दशके भांडावे लागले. १९८०मध्ये अलर्ट बे इथे उभ्या राहिलेल्या संग्रहालयाचे नाव ‘उमिस्ता’, म्हणजे शत्रूने पळवून नेलेल्या माणसांचे घरी परतणे. परतलेले मुखवटे तिथे काचेच्या कपाटात ठेवलेले नाहीत. पुष्कळ दिवस कोंडून झाले होते ना!

आपल्याकडेही जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे आदिवासींच्या मुखवट्यांच्या उत्सवात, टेंभ्यांच्या उजेडात, सांबळ-सनईवर सोंगे नाचतात. कुठले सोंग कुठल्या घराण्याने घ्यायचे, तो मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. तेच मुखवटे आता शहरातल्या दिवाणखान्यांतही टांगलेले दिसतात. कारागिराला पैसे मिळतात, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण संग्रहालयांनी तरी एवढे करावे: मुखवट्याखालच्या पाटीवर ‘लाकूड, रंग’ लिहून थांबू नये. गाव, पाडा, सोंगाचे नाव, कोरणारा कोण आणि मान कोणाचा, हेही लिहावे.